उजवीकडून डावीकडे

खिडकीतल्या साहेबांनी फॉर्म परत सरकवला. "सही जुळत नाही," एवढंच म्हणाले आणि माझ्या मागच्या माणसाला हाताने पुढे बोलावलं.

मी बाजूला झाले नाही. कोणाची सही, कशाशी जुळत नाही, ते विचारलं. विकणाऱ्याची, असं त्यांनी सांगितलं. गाडी नवी असताना पहिल्या नोंदणीच्या वेळी मालकाने केलेली सही फाईलला लावलेली आहे. ती वेगळी आणि ही वेगळी. मालकाला समोर आणा, नाहीतर सही बदलली असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा.

बाहेर कडुलिंबाखाली कोष्टी आपल्या स्कूटरच्या सीटवर कागद पसरून उभे होते. ते आरटीओच्या कामांचे एजंट. शिकलेल्या लोकांबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं आणि ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्यांनी फॉर्म पाहिला आणि खिशातून तीन पेनं काढली.

"मी करतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"नको."

"मालक हयात आहेत का?"

"आहेत."

"मग अवघड आहे, मॅडम. मेलेल्यांचं लवकर होतं."

या गोष्टीला सतरा वर्षं झाली. गाडी पांढरी मारुती एट हंड्रेड होती, नऊ वर्षं वापरलेली, त्यातली बरीचशी खोळीखाली उभी. मालक डॉ. मुकुंद खांबेटे, सांगलीतल्या एका कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे निवृत्त विभागप्रमुख आणि माझे सर. मी तेव्हा तासगावला तोच विषय शिकवत होते. आईचं डायलिसिस जुलैत सुरू झालं होतं, मंगळवारी आणि शुक्रवारी, मिरजेला. आम्ही वडापच्या जीपने जायचो. जाताना आई बसायची. येताना तिला बसवत नसे, आणि दहा माणसं भरलेल्या जीपमध्ये आडवं होण्याची सोय नसते.

गाडी घेतली ती तेवढ्यासाठी. पैसे देऊन झाले होते. गाडी माझ्या दारात उभी होती आणि मी ती चालवत नव्हते. कागद सरांच्या नावावर, विमा सरांच्या नावावर, तोही ऑक्टोबरअखेर संपणार. वाटेत काही झालं तर जबाबदार कोण, हे लिहिलेलं असल्याशिवाय आईला त्यात बसवायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

आई पायरीवर बसून गाडीकडे बघायची. "तुझे कागद आधी आटपतात की मी, बघू," म्हणायची.

सरांना सांगायला गेले तेव्हा ते व्हरांड्यात पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता त्यांनी ऐकलं.

"कोण म्हणतं जुळत नाही?"

"खिडकीवरचे साहेब."

"साहेब! बारावी नापास असेल. त्याला म्हणावं, या सहीवर अडीच हजार पोरं पास झाली." त्यांनी पेन उघडलं आणि नव्या फॉर्मवर चौकटीबाहेर जाईल अशी सही ठोकली. "आणि त्या दलालाच्या नादी लागू नकोस. तुला माणसं कळत नाहीत, शेटे. कधीच कळली नाहीत."

मी फॉर्म घेतला. सरांचं मी काहीही ऐकून घेत असे. गाडीची किंमतही त्यांनी सांगितली तीच दिली होती.

त्याला कारण होतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांनी माझ्या जर्नलचं पान सगळ्या वर्गासमोर फाडलं होतं. मक्याच्या खोडाचा आडवा छेद काढायचा होता. माझ्या काचपट्टीवरचा छेद एका बाजूला तुटलेला होता, म्हणून मी तो तुटलेलाच काढला. बाकी सगळ्यांनी पुस्तकातला काढला होता. सरांनी पान टराटरा फाडलं आणि म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा तुटलेलाच काढला. "पुन्हा." असं सहा वेळा झालं. सातव्यांदा मी पुस्तकातला काढला आणि मला दहापैकी नऊ मिळाले.

पण पुढे एम.एस्सी. झाल्यावर तासगावला एक जागा निघाली, तेव्हा त्याच सरांनी मला शिफारसपत्र दिलं. मी मागायला गेले होते तेव्हा "बघू" म्हणाले होते. दोन दिवसांनी पुन्हा गेले, तर दारात काकू आल्या, सरांच्या पत्नी. "सरांनी दिलंय," हळू आवाजात म्हणाल्या, "आत येऊ नकोस, ते झोपलेत." पाकीट त्यांच्या डाव्या हातात होतं. त्यांनी ते पुढे केलं, मग मागे घेतलं, उजव्या हातात घेतलं आणि मला दिलं.

त्या पत्रावर माझी नोकरी लागली. त्यानंतर एकोणीस दिवाळ्या मी फराळाचा डबा घेऊन सरांकडे गेले आणि वाकून नमस्कार केला. दरवर्षी सर विचारायचे, "अजून तासगावातच का?" आणि दरवर्षी काकू चहा आणायच्या. काकू डावखुऱ्या होत्या. सरांना ते खपत नसे. पूजेच्या ताटाला हात लावू देत नसत. पाहुण्यांना वाढताना काकू पळी उजव्या हातात धरायच्या आणि आमटी ताटाच्या कडेवर सांडायची. "एवढ्या वर्षांत हिला हात कुठला ते समजलं नाही," सर पाहुण्यांना सांगायचे, आणि पाहुणे हसायचे. मीही एकदोनदा हसले असेन.

काकू त्याच वर्षी फेब्रुवारीत गेल्या. मग सरांनी गाडी विकायला काढली.

दुसरा फॉर्मही परत आला. मग मी सरांना दोन्ही वाटा सांगितल्या. आरटीओत त्यांनी स्वतः यावं, मी रिक्षाने नेऊन आणीन. किंवा नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र करावं. पहिल्यावर ते म्हणाले की ते कुठल्याही खिडकीपुढे रांगेत उभे राहिलेले नाहीत आणि सत्तराव्या वर्षी ती सवय लावून घेणार नाहीत. दुसऱ्यावर ते जास्त वेळ बोलले.

"म्हणजे माझी सही माझी नव्हती असं मी लिहून देऊ? माझ्या नावाची अक्कल मला तो स्टँपपेपर विकणारा शिकवणार?"

"सही बदलली एवढंच लिहायचंय, सर."

"माझी सही बदललेली नाही. त्यांची फाईल चुकली आहे. शोधू दे त्यांना."

त्यांच्या आवाजात काळजीचा लवलेश नव्हता. आईचं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी ते ऐकलंही असेल.

मी कोष्टींना म्हटलं, मला ती फाईल बघायची आहे. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बघून काय होणार? सही काय फूल आहे, उमलायला?" पण आत जाऊन ते कोणाशी तरी बोलले, आणि दुपारच्या सुट्टीत मला एका टेबलाशी पाच मिनिटं बसायला मिळालं. मागचा पंखा कागद उडवत होता म्हणून कोष्टींनी फाईलवर आपली किल्ली ठेवली.

माझ्या पर्समध्ये दहापट मोठं दाखवणारं भिंग असतं. पानांवरची लव बघायला लागतं. मी ते सहीवर धरलं.

सही इंग्रजीत होती, शाईच्या पेनाची. अक्षरं सरांसारखीच वळवलेली, फक्त बारीक आणि सरळ. आडनावात शेवटून दुसरं अक्षर टी, आणि त्याची आडवी रेघ लांब, सबंध आडनावावरून गेलेली. शाईच्या पेनाने रेघ ओढताना निब आधी टेकते, क्षणभर थांबते, तिथे ठिपका पडतो. रेघ संपते तिथे ती केसासारखी निमुळती होते. सर रेघ डावीकडून उजवीकडे ओढत, हे मी दोन्ही फॉर्मवर पाहिलं होतं. या सहीत ठिपका उजव्या टोकाला होता.

मी भिंग फिरवून पुन्हा पाहिलं. मग फाईल मिटली.

"काय निघालं?" कोष्टींनी विचारलं.

"ही सही त्यांची नाही. त्यांच्या बायकोची आहे."

कोष्टी हसले नाहीत. किल्ली उचलून खिशात टाकत म्हणाले, "मग त्यांना आणा."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी नेमणुकीच्या कागदांची फाईल काढली. मुलाखतीनंतर शिफारसपत्र मला परत मिळालं होतं. एक पान, इंग्रजीत, हाताने लिहिलेलं. त्यातलं एक वाक्य मला पाठ होतं: ही मुलगी जेवढं दिसतं तेवढंच काढते, आणि हे दुर्मीळ आहे. सरांनी जर्नल फाडलं होतं, पण मनात त्याची नोंद ठेवली होती, असा मी त्या वाक्याचा अर्थ लावला होता. एकोणीस वर्षं मी त्यावर विसंबून राहिले होते. खाली सही होती. तिच्यावर भिंग धरलं. ठिपका उजवीकडे.

मला फार आश्चर्य वाटलं नाही. सरांनी सांगितलं असेल, काकूंनी लिहून सही केली असेल. गाडीच्या कागदांवर केली, तशीच यावर. मी पत्र परत ठेवलं.

शुक्रवारी वडापमधून येताना आईला ओकारी झाली. एका बाईने पाय वर घेतले आणि तोंड फिरवलं. आईने स्वतःच्या पदराने जीपची फळी पुसली. मी पुसते म्हटलं तर तिने माझा हात बाजूला केला. घरी पोचल्यावर ती गाडीच्या बॉनेटला टेकून उभी राहिली, कारण पायरीपेक्षा ते जवळ होतं.

शनिवारी मी सरांकडे गेले, एक रेघी वही आणि शाईचं पेन घेऊन. पाहिलेलं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते नाकारतील. त्यांनी नाकारलं नाही. त्यांना त्यात नाकारण्यासारखं काही दिसलंच नाही.

"असेल. कारकुनी सगळी तीच बघायची. बँक, वीजबिलं, विद्यापीठाचे फॉर्म. मी म्हणायचो, टाक करून. सही काय, कोणीही करतं."

"मग तीच सही लागेल, सर."

"ती कुठून आणू?"

"तुमचंच नाव आहे. तुम्ही कसंही लिहू शकता. तुम्ही ती शिका."

मी जेवणाच्या टेबलावर वही उघडली आणि फाईलमध्ये पाहिली होती तशी सही पहिल्या ओळीवर काढून दाखवली. त्यांनी खुर्ची ओढली. ते का बसले, मला माहीत नाही. कदाचित रांगेपेक्षा हे बरं वाटलं असेल.

पहिल्या पाच सह्या नेहमीच्याच मोठ्या आल्या.

"लहान," मी म्हटलं. "दोन रेघांच्या आत."

"हे काय बालवाडीसारखं."

"आणि टीची रेघ उजवीकडून सुरू करायची. डावीकडे न्यायची."

"बावळटपणा आहे. असं कोण ओढतं?"

"डाव्या हाताने लिहिणारी माणसं ओढतात."

त्यांनी रेघ ओढली. निब कागदात रुतली आणि शाई उडाली. उजव्या हाताने उलटी रेघ ओढताना हात स्वतःच्याच अंगावर येतो, ते त्यांना जमेना. मी म्हटलं, "पुन्हा."

मी तो शब्द मुद्दाम वापरला. त्यांना तो ओळखीचा वाटला नाही. त्यांनी पुन्हा केली.

पान भरलं. दुसऱ्या पानाच्या तिसऱ्या ओळीत सही जमली. अक्षरं सरळ, रेघ हलकी, ठिपका जिथे हवा तिथे. सरांनी वही लांब धरून पाहिली. "उलट्या हाताची बाई," ते म्हणाले, "हिचं सगळंच उलटं. आणि आता मला ते गिरवावं लागतंय."

मी तेव्हा फॉर्म पुढे करायला हवा होता. त्याऐवजी मी म्हटलं, "याच सहीवर माझी नोकरी लागली, सर."

"कुठली नोकरी?"

"तासगावची. तुम्ही शिफारसपत्र दिलं होतं. त्यावरही काकूंचीच सही आहे."

सरांनी पेन खाली ठेवलं. काही आठवायचं असलं की ते डोळे मिटून घेत, वर्गातही. ते खोटं बोलत नसत. तशी गरज त्यांना कधी पडली नव्हती.

"तुला मी पत्र दिलं नव्हतं," ते म्हणाले.

"काकूंनी आणून दिलं मला. दारात."

"मी दिलं नव्हतं. मला स्वच्छ आठवतंय. जागा एक होती, मी पराडकरला दिलं होतं. तुझं मी ठरवलंच नव्हतं असं नाही, नाही म्हणायचं ठरवलं होतं. मी मुलींना पत्रं देत नसे. लग्न करून निघून जातात, आपला शब्द फुकट जातो." ते थांबले. मग त्यांना ते गमतीचं वाटू लागलं. "म्हणजे हिने परस्पर दिलं? लेटरहेडवर? आणि तू लागलीस! पराडकर कसा राहिला याचं मला इतकी वर्षं नवल वाटायचं."

ते हसले. जेवणाच्या टेबलावर काकूंच्या वेळचंच मेणकापड होतं. एका कोपऱ्यावर, डाव्या बाजूला बसणाऱ्याचं कोपर टेकेल तिथे, त्याची फुलं झिजून पांढरी झाली होती. शेजारी शाईचे जुने डाग होते. मी दरवर्षी त्या टेबलाशी चहा प्यायले होते.

जेवढं दिसतं तेवढंच काढते, असं लिहिणाऱ्या बाईंनी माझं फाटलेलं पान पाहिलं नव्हतं. ती हकीकत सरांनी घरी सांगितली असणार, विनोद म्हणून.

"चला, आण तुझा फॉर्म," सर म्हणाले.

"अजून जमली नाही, सर."

"जमली की. ही बघ."

"रेघेचा शेवट जाड येतोय. पुन्हा."

रेघेचा शेवट जाड येत नव्हता. मला लागणारी सही जमून गेली होती. मी आणखी दोन पानं करून घेतली. मध्ये एकदा त्यांनी बोटं झटकली आणि माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी वहीकडे बघत होते. शेवटच्या पानावर सर काही बोलत नव्हते. खाली मान घालून ते आपलं नाव काकूंच्या अक्षरात लिहीत होते, उजवीकडून डावीकडे रेघ ओढत. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

मग मी गाडी नावावर करायचे फॉर्म पुढे केले. एकोणतीस नंबरच्या दोन प्रती, तीस नंबरची एक. त्यांनी तिन्हींवर सह्या केल्या. मी शाई वाळू दिली. निघताना मी वाकले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, कळलं नाही. त्यांनी पेपर घेतला होता.

सोमवारी खिडकीतल्या साहेबांनी फॉर्म फाईलशेजारी धरला, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि शिक्का मारला. कोष्टी खांद्यावरून बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "कोणाकडून करून घेतलीत?"

"मालकांकडून."

"काय सांगता?" मग जरा विचार करून, "मॅडम, तुम्ही कॉलेज सोडून इकडं या."

आरसी बुक विमा संपायच्या आठ दिवस आधी हातात आलं. त्यानंतरच्या मंगळवारी मी आईला पुढच्या सीटवर बसवलं, सीट मागे पाडून दिली. हॉस्पिटलच्या फाटकाशी म्हणाली, "बसायला बरी आहे. एवढ्यासाठी दीड महिना घालवलास."

त्या दिवाळीत मी सांगलीला गेले नाही.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सरांचा फोन आला. मी डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर उत्तरपत्रिका तपासत होते. त्यांनी दिवाळीचं विचारलं नाही. बँकेने त्यांचा हयातीचा दाखला परत केला होता. निवृत्त माणसाला दरवर्षी तो भरून द्यावा लागतो, की मी जिवंत आहे, पेन्शन चालू ठेवा. काकू फॉर्म घरी आणायच्या, भरायच्या, सही करायच्या आणि देऊन यायच्या. नऊ वर्षं सर जिवंत असल्याचं काकू लिहून देत होत्या.

"सही जुळत नाही म्हणतात," सर म्हणाले. "ती रेघ कुठून कुठे होती, शेटे? मला आता आठवत नाही. वही रद्दीत गेली."

मी हातातल्या उत्तरपत्रिकेवर गुण मांडले.

"असं कर, तूच येऊन करून जा. तुला येते ना ती. आणि दर नोव्हेंबरला आलीस तर बरं होईल. दिवाळीला तू येतेसच."

आत मशीनची घंटी वाजली. नर्सने दारातून मला खूण केली.

"सर," मी म्हटलं, "माणूस स्वतः समोर उभा राहिला तर सही जुळवत बसत नाहीत. बँकेत जा."

मग त्यांनी विचारलं, आणि त्या आवाजात मी पहिल्यांदाच काळजी ऐकली.

"रांगेत?"

"हो, सर. रांगेत."

मी फोन बंद केला. आईच्या हातातली सुई काढायची वेळ झाली होती.